शिवणबाईंचा पायथन

दुर्गेश्वरीबाई रहांगडाले यांना काळजी करायला कधी कारण लागत नसे. यंदा दिवाळीनंतर मात्र त्यांना चांगलं भरभक्कम कारण मिळालं, आणि त्यांच्या घरच्यांना तर पहिले दोन दिवस थोडं हायसंच वाटलं. निदान बाईंच्या काळजीला नाव तरी मिळालं.

त्याआधीच्या काळज्यांना नाव नसायचं. घराला कुलूप लावून तिरोड्याच्या बसमध्ये बसल्यावर त्यांना वाटे, कुलूप लागलं का? लग्नाला गेल्या की पर्समध्ये सुई, तीन रंगांचे दोरे आणि दोन हूक. कारण ऐन अक्षतांच्या वेळी नवरीचं ब्लाउज उसवतं, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. कापड तीनदा मोजून झालं तरी कात्री लावण्याआधी त्या क्षणभर थांबत आणि चौथ्यांदा मोजत. चौथ्या वेळी माप कधीच बदललं नाही, पण म्हणून त्यांनी ते सोडलंही नाही.

तिरोडा आणि गोंदिया यांच्या मधल्या एका गावात संस्थेची शाळा आहे, पाचवी ते दहावी. तिथे बाई बावीस वर्षं शिवणकाम शिकवत होत्या. वेळापत्रकात त्या तासाचं नाव ‘कार्यानुभव’, पण ते नाव फक्त वेळापत्रकालाच माहीत. मुलं म्हणत शिवणीचा तास, आणि बाईंना म्हणत शिवणबाई. तासाला अकरा पायमशीन होत्या. त्यांतल्या दोन फक्त बाईंच्याच पायाला चालत. दुसऱ्या कुणी पाय ठेवला की दोरा तोडत. बावीस वर्षांत तीन-चारशे पोरी आणि पन्नासेक पोरं त्यांच्या हाताखालून धावदोरा, टीप, काज शिकून गेली. त्यांतल्या काही आता आया होऊन पोरांना शाळेत सोडायला येतात, आणि बाई दिसल्या की नकळत पदराची निघालेली शिवण मुठीत लपवतात.

एका दुपारी मुख्याध्यापक ईश्वरदास बिसेन सरांनी त्यांना बोलावलं.

“बसा बाई.”

बाई बसल्या नाहीत. बिसेन सर एरवी उभ्या-उभ्याच सगळं सांगत.

“संस्थेचा ठराव झाला आहे. पुढच्या महिन्यापासून सहावी ते आठवीला शिवणीच्या तासाला कोडिंग.”

“मग शिवणकाम?”

“ते ऐच्छिक.”

“कोणाच्या इच्छेवर?”

सरांनी खिडकीबाहेरच्या सायकलींकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. वाईट बातमी सांगायची तर त्याला खिडकी लागे, एवढंच. “गोंदियाला बारा दिवसांचं प्रशिक्षण आहे. मग संस्थेच्या लोकांपुढे एक नमुना पाठ घ्यायचा. पाठ जमला तर पद तुमचंच आहे बाई. आणि नाही जमला तर...”

“अतिरिक्त,” बाईंनी वाक्य पुरं केलं.

हा शब्द शिक्षकांच्या खोलीत कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. अतिरिक्त झालेल्या शिक्षकाचा पगार थांबत नाही, पण त्याची शाळा जाते. जिल्ह्यात जिथे जागा रिकामी असेल तिथे त्याला बसवतात. बाईंच्या डोळ्यांपुढे लगेच ती जागा उभी राहिली: पार दुसऱ्या टोकाला, दरेकशाच्या डोंगरांत, दिवसातून दोन वेळा एसटी, आणि शाळेत त्यांना कुणी ओळखत नाही. वय बावन्न. निवृत्तीला सहा वर्षं. घरी नवऱ्याचे, केवलरामांचे, गुडघे दुखणारे, आणि पाच एकर धान.

त्या घरी आल्या तेव्हा केवलराम खळ्यावर होते. कापणी आटोपली होती. धानाच्या भाऱ्यांची उंच रास, म्हणजे पुंजणं, रचून झालं होतं आणि ते त्याच्या सावलीत बसून पाणी पीत होते. बाईंनी सगळं सांगितलं.

“कोडिंग म्हनजे काय होते?” केवलरामांनी विचारलं.

“कंपुटरले सांगायचं, हे कर, ते कर. एकेक गोष्ट, बारीक-बारीक. सांगितलं नाही तर तो करत नाही, आणि चुकीचं सांगितलं तर चुकीचंच करतो.”

“मंग तुले काय कठीन हाय? मले तं तीस वर्षं झाले तू तेच सांगून राहिली.”

बाईंना हसू आलं. “तुमी तरी समजून घेता.”

“मी कोठं समजून घेतो? मी बी सांगितलं तेवढंच करतो.”

*

प्रशिक्षण गोंदियाला, एका संगणक केंद्रात होतं. तेवीस शिक्षक, त्यांत वयानं मोठ्या बाईच. शिकवणारा हेमेंद्र म्हणून सव्वीस वर्षांचा मुलगा होता. गोंदिया शहराचा, त्यामुळे बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मराठी, आणि उरलेलं संगणकाचं. त्यानं पहिल्याच दिवशी फळ्यावर नावं लिहिली: सी, जावा, पायथन, एचटीएमएल, जावास्क्रिप्ट. या सगळ्या म्हणे भाषा. बाईंनी पाचही नावं सुबक अक्षरात वहीत उतरवली आणि प्रत्येकापुढे अर्थ लिहायला दोन ओळी मोकळ्या ठेवल्या. संध्याकाळपर्यंत त्या मोकळ्याच राहिल्या.

“मॅडमजी, समझ में आ रहा है ना?” हेमेंद्र विचारी. बाई मान हलवत. बावीस वर्षं मुलांच्या खोट्या माना ओळखण्यात गेलेल्या बाईला स्वतःची मान किती खोटी हलते ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये त्यांनी मनातल्या मनात अर्ज लिहून टाकला: प्रकृतीच्या कारणास्तव प्रशिक्षण पूर्ण करू शकत नाही. शब्दरचना चांगली झाली होती. फक्त घरी जाऊन कागदावर उतरवायचा होता.

तो उतरला नाही, याचं कारण तिसऱ्या दिवशीची सकाळ. हेमेंद्र पायथन शिकवत होता. “देखो, आतली ओळ लिहिताना पुढे चार जागा सोडायच्या. तीन सोडल्या, एरर. पाच सोडल्या, एरर. दिसायला काही फरक नाही, पर इसको सब दिखता है.”

“म्हणजे दोसुतीवरचा फुलीचा टाका,” बाई म्हणाल्या. म्हणायचं नव्हतं, तोंडातून निसटलं.

सगळा वर्ग वळून पाहू लागला. “क्या मॅडमजी?”

आता माघार नव्हती. “जाड विणीचं कापड असतं ना, त्यावर घरं मोजून टाका घालतात. चार घरं सोडायची तर चारच. एक घर चुकलं की तिथे काही कळत नाही. दहा ओळींनंतर मोराची मान बघावी तर कोंबड्याची झालेली असते.”

हेमेंद्र खडू हातात धरून थांबला. “मेरी मम्मी ऐसा पर्दा बनाती थी,” तो म्हणाला. “दो महीने का काम था. एक दिन पूरा उधेड़ दिया. मी लहान होतो, मला वाटायचं वेडी झाली.” मग तो हसला. “मॅडमजी, बिलकुल यही पायथन है.”

त्या दिवशी वहीतल्या पायथनपुढच्या दोन ओळी भरल्या. अर्ज बसमध्ये आठवला, पण त्याची शब्दरचना आता तितकीशी जमेना.

पुढे बाईंना ती युक्तीच लागली. जे कळलं नाही ते त्या आधी कापडात नेत, मग तिथून संगणकात आणत. हेमेंद्र जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्या बाकावर येऊन बसे आणि विचारी, “आज कोनसा कपड़ा?” वहीत एकेक नोंद होत गेली, तिरप्या बारीक अक्षरात.

सी ही पायमशीन. भरभर चालते, फार जुनी, फार भक्कम. बोट सुईखाली आलं तर विचारत नाही, बोटासकट शिवते.

जावा हा भंडाऱ्याकडचा कोसा रेशमाचा हातमाग. आधी ताणा लावा, गाठी मारा, फणीतून एकेक धागा ओढा. दोन दिवस गेले तरी कापड दिसत नाही. मग तिसऱ्या दिवशी माग पडद्यावर एकदाच ‘नमस्ते’ लिहितो. पण एकदा लागला की घरात तीन पिढ्या चालतो.

एचटीएमएल म्हणजे शिंप्याचा खडू. शिवत काहीच नाही. इथे गळा, इथे बाही, एवढी रेघ मारतो. (हेमेंद्र सर म्हणतात ही भाषाच नव्हे. खडूला पण कुणी शिंपी म्हणत नाही, पण खडू हरवला की दुकान बंद.) यात जे उघडलं ते बंद करावं लागतं: बटण लावलं तर काज पाहिजेच.

त्याच्या जोडीला सीएसएस. ही लेस. एकीकडून सरळ करावी तर दुसरीकडे चुण्या पडतात, आणि का पडल्या ते लेस विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

जावास्क्रिप्ट ही गोधडी. ज्याला जे जुनेर सापडलं ते त्यानं आत घातलं. कुणाचं धोतर, कुणाच्या परकराचा घेर, मधेच एक सदऱ्याचा खिसा तसाच. नियम शोधू नये. नवल एवढंच की ऊब येते, आणि सगळं गाव तीच पांघरतं.

शेवटच्या नोंदीवर हेमेंद्र इतका हसला की त्याच्या डब्यातली भाजी सांडली. पण बाई हसत नव्हत्या. त्यांना कापड कळत होतं. संगणकापुढे बसलं की बोटं अजून थिजत होती. बारा दिवस संपले. नमुना पाठाला नऊ दिवस उरले.

*

वही शाळेत आली ती बाईंच्या पिशवीतून, पण पिशवीबाहेर काढली टीनानं. टीना हरिणखेडे ही विज्ञानाची नवी शिक्षिका. हुशार, मायाळू आणि मोबाईलवर हात फार चपळ. तिनं त्यातलं नोंदींचं पान वाचलं, खदखदून हसली, फोटो काढला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ‘आमच्या शिवणबाई एक नंबर!’

ग्रुपवर संस्थेचे सचिव गोवर्धनभाऊही होते. त्यांची राईस मिल. कोडिंगचा ठराव त्यांनीच मांडलेला. मुलगा पुण्याला संगणकात नोकरीला, त्यामुळे हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा. त्यांनी हसरा चेहरा टाकला नाही, अंगठाही टाकला नाही. फक्त पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बिसेन सर वर्गाच्या दारात आले. खिडकी नव्हती म्हणून छताकडे पाहत म्हणाले, “बाई, भाऊंचा फोन होता. विचारत होते, ही नव्या विषयाची थट्टा चालली आहे का.”

“थट्टा?”

“मी म्हटलं, तसं नाही. पण ते स्वतः येणार आहेत तुमच्या पाठाला.”

टीना मधल्या सुट्टीत रडवेली होऊन आली. “मॅडम, सॉरी. मी तर कौतुकानं टाकलं होतं हो.”

“तू टाकलंस ते कौतुकच होतं ग,” बाई म्हणाल्या. “मी लिहिलं ते समजावं म्हणून. आणि भाऊंनी वाचलं ते तिसरंच. तिघांचीही चूक नाही. बस, डबा खा.”

असं म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्या स्वतःच्या डब्याचं झाकण त्या दिवशी निघालं नाही. पुढच्या आठवडाभरात त्या दरेकशाकडच्या गाड्यांच्या वेळा विचारून आल्या. आमगावला एक तास थांबावं लागतं, हे कळलं. मग त्यांनी बाजारातून तीन खणांचा मोठा डबा आणला. केवलरामांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“हा कायले?”

“लांब जावं लागलं तर.”

“अवो, निकाल तं लागू दे. तू तं मयतीच्या आधी तेरवीचा सैपाक करून राहिली.”

*

पाठाचा दिवस शुक्रवार होता. सातवीचा वर्ग, एकतीस मुलं, नऊ संगणक आणि भिंतीवर एक पडदा. मागच्या बाकांवर गोवर्धनभाऊ, बिसेन सर, आणि परीक्षक म्हणून बोलावलेला हेमेंद्र. भाऊंनी पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून पेन काढून कागदावर आडवी रेघ मारली. बाईंना ती रेघ स्वतःच्या नावावर मारल्यासारखी दिसली.

त्यांनी विषय घरचाच घेतला होता. पुढच्या महिन्यात स्नेहसंमेलन. समूहनृत्यात दहा मुली. प्रत्येकीला कमरेचा पट्टा शिवायचा. कापड किती कापायचं? कमरेचं माप अधिक शिवणीत जाणारं दोन इंच मार्जिन. दहा मुलींसाठी हे दहादा करण्याऐवजी संगणकाला एकदाच सांगायचं आणि त्यानं प्रत्येकीसाठी ते पुन्हा-पुन्हा करायचं. बाईंनी फळ्यावर एकेक ओळ लिहिली, मराठीत आणि मग पायथनमध्ये. आतल्या ओळींना चार घरं सोडली. अक्षर वहीतल्यासारखंच सुबक आलं.

नीतू पुढच्या संगणकावर टाइप करत होती. तिच्या शेजारी खुशी पटले. या दोघींचं पहिलीपासून भांडण, आणि पहिलीपासून एकच बाक.

“पहिली मुलगी, कंबर चोवीस,” बाई म्हणाल्या.

पडद्यावर आलं: सव्वीस. वर्गानं टाळ्या वाजवल्या. भाऊंचं पेन हललं नाही, पण भुवई थोडी वर गेली. बाईंनी नऊ दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

“दुसरी, तेवीस.”

पडद्यावर आलं: सत्तावीस.

“पंचवीस पाहिजे ना मॅडम?” कुणीतरी कुजबुजलं. बाईंनी नीतूला पुढे जायला सांगितलं; टाइप करताना चुकलं असेल. तिसरी पंचवीस, पडद्यावर एकतीस. चौथी चोवीस, पडद्यावर बत्तीस. आणि असं वाढत-वाढत दहावी आली प्रेरणा, वर्गातली सगळ्यांत बारीक मुलगी, कंबर एकवीस. पडद्यावर आलं: एक्केचाळीस.

“प्रेरणाले दोनदा गुंडाळा!” मागून एक पोरगा ओरडला आणि वर्ग फुटला. प्रेरणा स्वतःच सगळ्यांत जास्त हसत होती.

“बाई,” गोवर्धनभाऊ मागून म्हणाले, “ये पट्टा है के नाडा?”

बाई फळ्याकडे वळल्या. पहिली ओळ वाचली, बरोबर. दुसरी, बरोबर. तिसरी: मार्जिनमध्ये दोन मिळवा. बरोबर, दर तुकड्याला मार्जिन धरायचंच, हे त्या बावीस वर्षं रोज सांगत आल्या होत्या. चौथी, बरोबर. त्यांनी पुन्हा वरपासून वाचलं. मग तिसऱ्यांदा. मागच्या बाकावर हेमेंद्र पुढे झुकला होता. त्याला चूक दिसली होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्याच्या चेहऱ्यावरून चूक मात्र कळत नव्हती. दरेकसा, आमगावचा एक तास, मोठा डबा, सगळं एका दमात त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

आणि मग, डोकं बंद पडल्यावर, त्यांच्या तोंडानं जुनी सवय बोलून दाखवली.

“शिलाई शेजारणीकडे,” त्या म्हणाल्या.

वर्ग सावरून बसला. मुलांना हे ठाऊक होतं. मागच्या बाकावरच्यांना नव्हतं. बाईंच्या तासाचा तो नियम होता. जिनं शिवलं तिनं स्वतःची शिलाई उसवायची नाही. चुकलेलं कापड शेजारणीला द्यायचं; ती टाका-टाका पाहणार, बोलून दाखवणार, आणि विचारूनच ब्लेड लावणार. आणि जिची शिलाई, तिनं हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. हा नियम कुठल्या पुस्तकातला नव्हता. पहिल्याच वर्षी बाईंच्या लक्षात आलं होतं की मुली आपली शिलाई रागारागात उसवतात, आणि चुकलेल्या टाक्याबरोबर धड टाकेही ओढून काढतात. आपल्या डोळ्याला आपण काय करायचं ठरवलं होतं तेच दिसतं. काय केलं ते शेजारणीला दिसतं.

“नीतू, तू फक्त टाइप केलंस. शिलाई माझी आहे. खुशी, तू फळ्यापाशी ये.”

खुशी उठली. बाई तिच्या जागेवर, नीतूच्या शेजारी, त्या लहान बाकावर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“बाई, आप बैठ क्यों गईं?” भाऊंनी विचारलं.

“माझी शिलाई आहे भाऊ. मला हात लावता येत नाही.”

“अरे, पर टाइम...”

“मॅडम, मैं बता दूँ?” हेमेंद्र म्हणाला.

“नका सांगू सर. खुशी, वाच. आणि माझं आहे म्हणून सोडू नको.”

खुशीनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ती सावकाश वाचणारी मुलगी. भाषेच्या तासाला तिचं वाचन ऐकताना शिक्षकांना जांभया येत. आज बाईंना तिच्या प्रत्येक शब्दामागे घड्याळाचा काटा ऐकू येत होता. एक ओळ. दुसरी. बोलायची तीव्र इच्छा झाली. काय बोलायचं ते माहीत नव्हतं, तरी. तिसऱ्या ओळीवर खुशी थांबली. पुढे गेली. परत मागे आली.

“मॅडम, विचारू?”

“विचार.”

“एका पोरीचं माप झालं की आपण टेप गुंडाळतो ना? मंग दुसरीले परत शून्यापासून लावतो.”

“हो.”

“हा कंपुटर गुंडाळून नाई राहिला.”

“म्हणजे?”

“पहिलीचं दोन मार्जिन याच्यापाशी तसंच हाय. दुसरीले त्याच्यावर अजून दोन धरले. तिसरीले अजून दोन. कापड विसरते मॅडम, हा विसरत नाई.”

“म्हणजे प्रेरणाले साऱ्याईचं मार्जिन बसलं!” नीतू ओरडली. तिला आपल्याआधी खुशीला कळलं याचा राग होता, आणि तो तिनं आवाजात भरला. “मॅडम, मार्जिनमधे दोन मिळवायचेच नाई. मार्जिन दोनच हाय, असं सांगायचं. अन् ते बी वरच, एकदाच.”

“मी सांगून राहिली ना!”

“तू टेपाचं सांगून राहिली. मी उपाय सांगून राहिली.”

“कापू?” खुशीनं डस्टर उचलून बाईंना विचारलं, ब्लेड लावण्याआधी विचारतात तसं.

“काप,” बाई म्हणाल्या.

ओळ पुसली. नवी लिहिली. नीतूनं ती टाइप करून बटण दाबलं. प्रेरणा: तेवीस. आणि घंटा झाली.

पाठाच्या टिपणात बाईंनी सात मुद्दे लिहिले होते. तिसऱ्यावरच तास संपला होता. भाऊ उठले, कागदाची घडी घातली आणि एवढंच म्हणाले, “पाठ पूरा नहीं हुआ, बाई.”

“नाही झाला,” बाई म्हणाल्या.

*

उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत बाईंनी कपाट आवरलं, रजेचा हिशेब लावला आणि त्या खुशीला दोनदा विनाकारण रागावल्या, दोन्ही वेळा लगेच तिची माफी मागितली. केवलराम नुसते जवळ येऊन बसत.

पत्र बिसेन सरांनी स्वतः आणून दिलं. टंकलेली मोजकी वाक्यं होती. पाठ अपूर्ण. विषयज्ञान मध्यम. चूक शोधण्याची वर्गातील पद्धत चांगली. एका वर्षापुरते पद कायम. पुढील वर्षी फेरआढावा. खाली एक ओळ होती: शिवणवर्गाची खोली संगणकांसाठी लागणार असल्यानं शनिवारपर्यंत रिकामी करून द्यावी.

“भाऊ गाडीत बसताना मला काय म्हणाले सांगू?” सर म्हणाले. “म्हणाले, मिलमधला आमचा कंपुटरवाला स्वतःच्या चुकीवर तीन दिवस बसून राहतो, कुणाला पाहू देत नाही. त्याला या बाईंकडे पाठवला पाहिजे.” आणि मग खिडकीकडे वळून, “मशीन मागच्या खोलीत ठेवू. कुलूप लावून. खराब नाही होणार.”

बाईंनी सही केली. वर्षभर तरी शाळा हलणार नव्हती, डोंगरातली ती शाळा निदान वर्षभर लांबली होती. खांद्यावरचं मोठं ओझं उतरल्यावर माणूस मोकळं होतं म्हणतात. बाईंना मात्र खांदा नुसता सुन्न झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी सातवी-आठवीच्या मुलांनी मशीन एकेक करून उचलून मागच्या खोलीत नेल्या. बाईंनी प्रत्येकीच्या सुईखाली जुन्या चादरीचा तुकडा ठेवला, चाकाला तेल दिलं आणि पाटीवर चिकटपट्टीनं एकेक चिठ्ठी लावली. ‘हिचा पट्टा सैल आहे, ओलं बोट लावू नये.’ ‘ही सुरुवातीला अडते, रागावू नये.’ ‘हिला जाड दोरा चालत नाही.’ त्या दोन हट्टी मशीनच्या चिठ्ठ्या लिहायला वेळ लागला. शेवटी दोघींवर एकच वाक्य लिहिलं: ‘पाय हलका ठेवावा.’ चिठ्ठ्या कुणासाठी, हे नीतूनं विचारलं. बाई म्हणाल्या, “जो कुणी उघडेल त्याच्यासाठी.”

संध्याकाळी घरी केवलरामांनी ताट वाढून ठेवलं होतं. भात आणि बोदलकशाच्या तलावातली मासोळी, खास या दिवसासाठी आणलेली. बाई ताटावर बसल्या, आणि पहिला घास घेण्याआधीच त्यांनी पिशवीतून कोडिंगचं पुस्तक काढून मांडीवर उघडलं.

“झालं ना आता?” केवलराम म्हणाले. “वर्षभराची निचिंती झाली. आता तं नीट जेव.”

“झालं कायचं? सोमवारी पाचवा धडा शिकवायचा आहे. मी तिसऱ्यावर आहे.”

“अन् चौथा?”

“चौथ्याचीच तं भीती आहे,” दुर्गेश्वरीबाई म्हणाल्या, आणि डाव्या हातानं पान उलटलं.